गावरान बियाण्याची सहकारी संस्था: नागपूर भागात पहिली दोन वर्षं कशी काढायची

बियाणे बँक काढायचं ठरलं की बहुतेक गट आधी काचेच्या बरण्या आणि लोखंडी रॅक आणतात. फोटो छान येतो. दोन वर्षांनी त्याच बरणीतलं मिरचीचं बी पेरलं की निम्मे वाफे रिकामे दिसतात. नागपूरचा मे आणि नागपूरचा ऑगस्ट, दोन्ही बियाण्याचे वैरी: एक भाजून काढतो, दुसरा ओल चढवतो. वाण बरणीत टिकत नाही, वावरात टिकतं. आणि वावरात टिकतं ते कुणी ते खातं, विकतं किंवा सणाला लागतं म्हणून.

म्हणून संस्थेने पहिल्या दिवसापासून एकच नियम पाळावा: एक वाण, तीन घरं, तीन शिवारं. एका घरचं पीक पुरात गेलं, दुसऱ्या घरी भेसळ झाली, तरी तिसरं घर उरतं. बाकीचं सगळं, म्हणजे नोंदणी, हिशोब, पाकिटं, या नियमाची सोय म्हणून येतं.

आधी माणसं, मग बियाणं

पहिले दोन महिने बियाणं गोळा करू नका. घरं शोधा. पूर्व विदर्भात बियाणं कुणाकडे आहे हे सातबाऱ्यावरून कळत नाही. परसातल्या वालाचं, दोडक्याचं, काकडीचं बी बाईच्या हाती असतं आणि तिच्या नावावर अनेकदा गुंठाभरही जमीन नसते. कोदो-कुटकी आणि जुना मका गोंड-माना घरांत, वनहक्काच्या पट्ट्यांवर सापडतो. तलावाखालच्या बांध्यांतली (बांध घातलेल्या धानाच्या वावरांतली) जुनी धानं कोहळी आणि पोवार घरांत. पाणी ओसरल्यावर वैनगंगेच्या वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या लावणारे ढीवर वेगळेच. त्यांची जागा पुराबरोबर सरकते. शिवाय मक्त्याने-बटईने कसणारे, ज्यांना पुढच्या वर्षी तेच वावर मिळेल याची खात्री नसते.

सभासद व्हायला सातबारा लागेल असं लिहिलंत, तर यातली निम्मी माणसं पहिल्याच दिवशी बाहेर गेली. उपविधीत ‘जमीनधारक’ हा शब्द टाळा, ‘प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती’ असं लिहा आणि पुरावा म्हणून ग्रामसभेचा दाखला किंवा दोन सभासदांची साक्ष चालेल अशी तरतूद ठेवा. पैसे ज्या हाताने बी राखलं त्याच्याच बँक खात्यात जावेत. नवऱ्याच्या खात्यात गेले की दुसऱ्या वर्षी बाई सभेला येणं बंद होतं.

घरी गेल्यावर एका वाणासाठी एक पान भरा. घरात म्हणतात तेच नाव, मग ते गोंडी असो की झाडीबोली. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नका. बी कुणाकडून आलं. किती वर्षं घरात आहे. कोणती जमीन, पेरणी कधी, काढणी कधी. कशासाठी लागतं: हुरड्याला, लाह्यांना, नव्या धानाच्या नैवेद्याला, बाळंतिणीला. हातात आत्ता किती आहे. शेवटी ओळखीच्या तीन खुणा, त्याही राखणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत: ‘कुसळ नाही’, ‘देठ जांभळा’, ‘दाणा पोटाला पांढरा’. पुढे शेतात भेसळ ओळखायला याच खुणा उपयोगी पडतात. दाण्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा.

दोन गावांत एकच नाव आलं म्हणून दोन पिशव्या एकत्र करू नका. ही चूक दुरुस्त होत नाही. दोन्ही वेगळी ठेवा, एक हंगाम शेजारी-शेजारी दहा-दहा ओळी लावून बघा, मग ठरवा. उलटही होतं: तीन नावांखाली एकच धान निघतं.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची: यातलं काय बाहेर सांगायचं नाही? काही बियाणं पूजेचं असतं. माडिया-गोंडांत पेरणीआधी विज्जा पंडुम, म्हणजे बियाण्याचा सण, होतो. तिथलं बियाणं पाकिटात भरून विकायला ठेवणं बरं नाही. मालक नाही म्हणाला तर ते वाण संस्थेच्या यादीत नाही, संपलं.

पहिल्या वर्षी पाच-सहा वाणं पुरेत

पन्नास वाणांची यादी वर्तमानपत्रात शोभते, शेतात सांभाळता येत नाही. पाच वाणं गुणिले तीन घरं म्हणजे पंधरा प्लॉट झाले. प्रत्येकाला हंगामात भेसळीची झाडं काढायच्या किमान तीन फेऱ्या. नव्या गटाचा दम तिथेच संपतो.

निवडताना परागाचा विचार आधी करा. धान, गहू, जवस, मूग, वाल ही मुख्यतः स्वतःच्या परागावर दाणा धरणारी पिकं. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी. मिरची, वांगी, तूर, कापूस यांत किडे-मधमाशा बऱ्यापैकी मिसळ करतात. मका, दोडका, भोपळा, काकडी ही तर पूर्ण परपरागी. ही दुसऱ्या वर्षी घ्या.

नागपूरच्या आसपास पहिल्या वर्षाला जमेल अशी एक जुळणी: भंडाऱ्याकडचं चिन्नोर धान, जवस, पोपट म्हणजे हिवाळ्यात बाजारात येणारा तो वाल, हुरड्याची वाणी ज्वारी आणि धाडस असेल तर भिवापुरी मिरची. यातल्या प्रत्येकाला शहरात गिऱ्हाईक आहे. जवसाची चटणी नागपुरात घरोघरी होते, पोपटाच्या भाजीला हिवाळाभर मागणी असते, चिन्नोरचा वास ओळखणारी माणसं अजून आहेत. ज्या वाणाला स्वयंपाकघर उरलेलं नाही ते वाचवणं फार अवघड. ते काम पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका.

लाखोरी घेणार असाल तर पाकिटावर सूचना छापा. हीच डाळ मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायची जुनी रीत उगाच नाही.

‘गावरान’ म्हणजे शंभर वर्षं जुनंच असलं पाहिजे असा हट्ट धरू नका. एचएमटी धान चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून तयार केलं. नाव पडलं ते त्या काळच्या मनगटी घड्याळावरून. शेतकऱ्याने निवडलेलं आणि शेतकऱ्याच्या हाती राहिलेलं, एवढी व्याख्या पुरते.

संस्थेचं रूप

घाई नको. पहिला हंगाम साध्या गटाने काढा: दहा ते वीस सभासद, एक बँक खातं, एक वही. माणसं एकमेकांना उधारीत आणि पावसात ओळखू लागली की मग नोंदणी.

पुढे दोन वाटा आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली सहकारी संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात; अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जातो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि लेखापरीक्षण दर वर्षी. दुसरी वाट शेतकरी उत्पादक कंपनीची: तिथेही किमान दहा उत्पादक, पण पाच ते पंधरा संचालक, कंपनी कायद्याचे विवरणपत्र आणि सनदी लेखापालाची फी. चार-पाच लाखांची उलाढाल असलेल्या बियाणे गटाला कंपनीचा खर्च झेपत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे; सहकारी संस्था घ्या. दोन्हीकडे कितीही शेअर घेतले तरी सभासदाला मत एकच, आणि चार एकरवाला चाळीस एकरवाल्याशेजारी बसतो तेव्हा हा मुद्दा लहान राहत नाही. शिवाय २०२३ साली नोंदलेल्या भारतीय बीज सहकारी समितीच्या कामांत पारंपरिक बियाण्यांचं जतन आहे आणि तिचं सभासदत्व सहकारी संस्थांसाठी आहे, तो दरवाजा उघडा राहतो.

आदर्श उपविधी मिळतात, तसेच्या तसे उतरवून काढू नका. चार ओळी हाताने घाला. एक, वर सांगितलेली कसणाऱ्याची व्याख्या. दोन, वाण संस्थेच्या मालकीचं नाही. राखणारी घरं आणि गावं यांचं आहे, संस्था फक्त सांभाळते. तीन, सभासदाने संस्था सोडली तरी त्याचं बियाणं त्याच्याकडे राहतं आणि एक वाटा मागायचा हक्कही राहतो. चार, कुठल्याही कंपनीला किंवा संशोधकाला नमुना द्यायचा तर राखणाऱ्या घराची लेखी संमती.

सभा कधी ठेवता यावरही कोण येतं हे ठरतं. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, जुलैत, सभा ठेवली तर एकही बाई येणार नाही. वार्षिक सभा तान्हा पोळा झाल्यावर, बाकीच्या दिवाळीनंतर मंडईच्या म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत ठेवा, आणि दर वेळी नागपुरात नको. वडसा-कुरखेड्याहून येणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते. एसटीचं भाडं आणि मजुरी संस्थेने द्यायचीच.

वावरात शुद्धता राखणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

बियाण्याचा प्लॉट शेजारच्या त्याच पिकापासून किती लांब हवा याची प्रमाणित बियाण्याची अंतरं अशी: धान आणि गहू ३ मीटर, मूग आणि हरभरा ५, जवस २५, कापूस ३०, तीळ ५०, ज्वारी, तूर आणि वांगी १००, मिरची २००, भोपळावर्गीय ५०० मीटर. आपल्याकडे दोन एकरांच्या वावरात दोनशे मीटर आणायचे कुठून? तीन उपाय आहेत. पेरणी पुढेमागे करून फुलोरा शेजाऱ्याच्या आधी किंवा नंतर आणायचा. निदान तीन आठवड्यांचा फरक हवा. किंवा कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींतलंच बी घ्यायचं. तुरीला हे बऱ्यापैकी चालतं. किंवा फुलं झाकायची.

धानाचं गणित सोपं वाटतं आणि तिथेच फसतं. पराग मिसळत नाही, पण दाणा मिसळतो. गेल्या वर्षी दुसरं धान घेतलेली बांधी निवडू नका. सांडलेला दाणा पहिल्या पावसात उगवतो आणि ओळखू येत नाही. तीच बांधी घ्यावी लागली तर पाणी देऊन सांडलेला दाणा उगवू द्या, चिखलात गाडा, मग रोवणी. पेरायच्या आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धान टाका. तरंगणारं पोचट काढून टाका, बुडालेलं दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वेगळ्या वाफ्यात टाका आणि वाफ्याच्या चारी कोपऱ्यांत काठी रोवून नाव लिहा.

खरी भेसळ रोवणीच्या दिवशी होते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधावर एकाच ढिगात पडतात आणि दहा बाया हाताला लागेल ती पेंढी उचलतात. म्हणून बियाण्याची बांधी सकाळी सगळ्यांत आधी, दुसऱ्या पेंढ्या वावरात येण्याआधी उरकायची. एका जागी एकच रोप लावा. वेगळं झाड लगेच दिसतं आणि बियाणंही कमी लागतं.

मग तीन फेऱ्या. पहिली फुटवे येताना: पानाचा रंग, देठ, उंची. दुसरी निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, ही सगळ्यांत महत्त्वाची: जी झाडं आठवडाभर आधी किंवा नंतर निसवतात ती मुळासकट उपटा, लोंबी तोडून भागत नाही, कारण फुटव्याला दुसरी येते. तिसरी कापणीआधी: दाण्याचा रंग, कुसळ, आकार. ही फेरी वाण देणाऱ्या आजीबाईंना किंवा कास्तकाराला सोबत घेऊनच करा. त्यांची नजर वहीतल्या तीन खुणांच्या पलीकडचं पाहते.

कडेचा एक मीटर सोडून मधल्या निरोगी झाडांच्या तीनशेएक लोंब्या हाताने खुडा. बारीक दाण्याच्या धानाचं यातून सुमारे अर्धा किलो बी निघतं. हे पुढच्या वर्षीचं मूळ बियाणं. उरलेली बांधी वेगळी कापा, कडपा (कापून पसरलेलं धान) वेगळा सुकवा, पुंजणं (पेंढ्यांची रास) वेगळं रचा आणि झोडपून काढा. हार्वेस्टर आणि थ्रेशर या बांधीत आणू नका. यंत्राच्या पोटात आधीच्या वावराचं कित्येक किलो धान अडकलेलं असतं आणि ते तुमच्या पहिल्या पोत्यात पडतं.

मिरचीला पिशवी

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन नावाला मिळतं; बी शुद्ध ठेवायचं काम शेतकऱ्याचंच. शेजारी संकरित मिरची असतेच. म्हणून मलमलच्या पातळ पिशव्या शिवून घ्या, साधारण एक वीत रुंद, दीड वीत लांब, तोंडाला नाडी.

किमान तीस झाडं निवडा, शक्य असेल तर पन्नास. दोन-चारच उत्तम झाडांचं बी घेत राहिलं की काही वर्षांत वाण दुबळं होत जातं. प्रत्येक झाडाची एक फांदी धरा. तिच्यावरची उमललेली फुलं आणि लागलेल्या मिरच्या सगळ्या खुडून टाका. फक्त मिटलेल्या कळ्या ठेवा. पिशवी चढवा, नाडी बांधताना देठाभोवती कापसाचा बोळा दाबा, नाहीतर मुंग्या आणि फुलकिडे आत जातात. रोज सकाळी फांदीला बोटाने दोन टिचक्या मारा, पराग आतल्या आत झडतो. दहा-बारा दिवसांत वाटाण्याएवढ्या मिरच्या दिसल्या की पिशवी काढा, दुसऱ्या फांदीला लावा, आणि लागलेल्या प्रत्येक मिरचीच्या देठाला दोरा बांधा. दोरा निळा किंवा पिवळा. लाल दोरा बांधणारे तोडणीच्या वेळी झाडापुढे उभे राहून डोळे ताणतात.

मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन सुरकुतायला लागली की तोडा. बी काढताना हातमोजे घाला. बाजारासाठी रखरखत्या उन्हात पसरलेल्या मिरचीच्या ढिगातून बी घेऊ नका. त्या उन्हात ते बरंचसं भाजलेलं असतं.

कापसाबद्दल थोडक्यात. गावरान कापसाची गुणसूत्रं २६, अमेरिकन आणि बीटीची ५२. शेजारच्या बीटीचा पराग लागून गावरान पराटी (कापसाचं झाड) बिघडेल ही भीती जवळजवळ निराधार. दोन गावरान वाणं मात्र एकमेकांत मिसळतात, तिथे ३० मीटर पाळा. आणि सगळ्यांत मोठी भेसळ जिनिंगमध्ये. बियाण्याच्या कापसाची सरकी हाताच्या चरखीवर काढा, नाहीतर सरकी कुणाची हे देवालाच ठाऊक. हिंगणघाटच्या बनीचं, म्हणजे तिथल्या जुन्या गावरान कापसाचं, नाव सांगून कुणी सरकी दिली तर आधी दहा झाडं लावून बघा; या पिकात नाव जुनं आणि सरकी भलतीच असं फार होतं.

वाळवणं आणि साठवणं

सिमेंटच्या गच्चीवर, पत्र्यावर किंवा काळ्या प्लास्टिकवर बी वाळवू नका. सुती चादर किंवा शेणाने सारवलेली जागा, आणि ऊन सकाळी दहापर्यंत व संध्याकाळी चारनंतरचं. दाणा चाळीस अंशांच्या वर तापला की कोंब मरायला लागतो, आणि बाहेरून काही दिसत नाही.

नागपूरची एक खास चूक: कूलर. एप्रिल-मेमध्ये बियाणं ‘थंड जागी’ म्हणून कूलरच्या खोलीत ठेवतात. कूलर पाणी उडवूनच हवा गार करतो; त्या खोलीतलं उघडं बी आठवडाभरात ओल धरतं. गार पण कोरडी जागा पाहिजे: जाड भिंतीची, उत्तरेकडची, माळ्यावरची नाही.

ओल किती उरली याची घरगुती चाचणी: तव्यावर भाजून गार केलेलं मीठ चमचाभर, काचेची कोरडी बाटली, त्यात चौथा हिस्सा बी. झाकण लावून हलवा, दहा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर, पुन्हा वाळवा. नाही चिकटलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. पोत्यात किंवा कणगीत ठेवायला धान १३ टक्के, गहू १२, डाळवर्गीय आणि तीळ ९, भाजीपाला ८ टक्क्यांपर्यंत खाली आला पाहिजे. हवाबंद डब्यात घालायचं तर आणखी कोरडं हवं, धान ८ आणि मिरची-वांगी ६ टक्के. अर्धवट वाळलेलं बी हवाबंद केलं तर ते उघड्यावरच्यापेक्षा लवकर मरतं, कारण ओल आतच कोंडते. नेमका आकडा कृषी विज्ञान केंद्रातल्या ओलावामापकावर पाहून घ्या.

भाजीपाल्याच्या थोड्या बियाण्यासाठी बी आणि सिलिका जेल सारख्या वजनाने, जेल कापडी पुरचुंडीत, दोन्ही एका डब्यात आठवडाभर बंद. जेल नसेल तर तांदूळ कढईत लालसर भाजून गार करून तेच काम करतो. मग बी जाड पाकिटात भरा.

एक ढोबळ नियम ध्यानात ठेवा: बियाण्याची ओल एक टक्का कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. वाळवणं फुकट आहे, थंडावा विकतचा. म्हणून आधी वाळवा, फ्रीजचा विचार नंतर.

डाळवर्गातल्या बियाण्याला भुंगा शेतातूनच लागून येतो. किलोला पाच ते दहा मिली खाद्यतेल चोळा, किंवा राख मिसळून मडकं तोंडापर्यंत भरा म्हणजे आत हवा उरत नाही. ज्वारीत, डाळीत बिब्बा आणि कडुनिंबाचा पाला घालायची पद्धत आहेच. ठेवा, पण दर पंधरवड्याला हात घालून बघा. धान्यातली कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका, त्या वायूने माणसं मरतात.

उगवण तपासणं

शंभर दाणे मोजून घ्या, चांगले-चांगले निवडून नव्हे, डोळे मिटून. पंचवीसाचे चार गट, ओल्या सुती कापडात रांगेत मांडून गुंडाळा, माठाशेजारी ठेवा. मे महिन्यात स्वयंपाकघर चाळीसच्या पुढे असतं. तिथे ठेवलं तर चांगलं बीही नापास होईल. ज्वारी दहा दिवस, धान, मिरची, वांगी चौदा दिवस. वाकडे, मूळ नसलेले कोंब मोजायचे नाहीत. किमान उगवण: धान, जवस, तीळ ८० टक्के, ज्वारी, तूर, मूग ७५, वांगी ७०, मिरची ६०, गहू आणि हरभरा ८५. सत्तर टक्के निघालेली ज्वारी लगेच फेकू नका: एकराला ४ किलो लागत असेल तर सभासदाला ४ किलो ३०० ग्रॅम द्या आणि पाकिटावर तसं लिहा.

नुकतं कापलेलं धान काही आठवडे झोपलेलं असतं. नोव्हेंबरात ४० टक्के आलं म्हणून वाण बाद करणारे गट आहेत. तेच धान जानेवारीत ९० देतं. चाचणी दोनदा घ्या, एकदा जानेवारीत, एकदा वाटपाआधी मेमध्ये. नवरात्रातला घट हीच तर रब्बीच्या तोंडावरची उगवण चाचणी. नऊ दिवसांत कुणाचं धान्य कसं वर आलं हे सगळं घर बघतं. सभासदांना चाचणी समजावून सांगायला यापेक्षा सोपा दाखला सापडणार नाही.

वाटप, परतावा, भाव

सभासदाला बी द्यायचं आणि काढणीनंतर वाढवून परत घ्यायचं. धान, जवस, ज्वारीला दीडपट, भाजीपाल्याला दुप्पट. याला ‘सवाई’ किंवा ‘दिढी’ म्हणू नका. त्या शब्दांना सावकाराच्या वहीचा वास आहे. ‘परतावा’ म्हणा, आणि पीक बुडालं तर माफ, हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर पडलेलं पीक लपवून बाजारातलं धान्य परत येतं आणि साठाच बिघडतो. परत आलेलं प्रत्येक पोतं वेगळा क्रमांक घेऊन, उगवण तपासूनच आत. क्रमांक साधा ठेवा: वाण, गाव, घर, वर्ष. पोत्यावर एक चिठ्ठी बाहेर, एक आत. बाहेरची उंदीर खातात.

सगळा साठा जूनमध्ये वाटून मोकळे होऊ नका. तिसरा हिस्सा जुलैच्या मध्यापर्यंत हातात ठेवा. विदर्भात दुबार पेरणी नवी नाही आणि तेव्हा गावरान बियाणं कुठल्याही दुकानात मिळत नाही.

भावाचं गणित सभेत फळ्यावर मांडा. समजा सुधारित धान एकरी १६ क्विंटल येतं आणि भाव २,३०० रुपये, झाले ३६,८००. चिन्नोर समजा ९ क्विंटल. फेऱ्या, निवड, वेगळी मळणी यांची मजुरी १,२०० धरली तर ३८,००० रुपये ९ क्विंटलमधून निघायला हवेत, म्हणजे क्विंटलला सुमारे ४,२२५. तणस (धानाचा पेंढा) जास्त निघते, खत कमी लागतं, तेवढं वजा करा. जो आकडा येईल त्याच्या खाली संस्थेने कधीही खरेदी करायची नाही. ‘परंपरा जपा’ सांगून तोट्यात पेरायला लावलेलं वाण दुसऱ्या वर्षी नाहीसं होतं, आणि त्यात शेतकऱ्याची चूक नसते. माल आला की सत्तर टक्के रोख, उरलेले उगवण चाचणीनंतर. नागपूरच्या कळमना बाजारात गावरान म्हणून वेगळा भाव सहसा मिळत नाही. म्हणून नागपुरातली पन्नास-साठ घरं, दोन-चार खाणावळी आणि बीजोत्सवासारखे बाजार आधी बांधून घ्या, पेरणीआधी, शब्द घेऊन.

कागदपत्रं

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपलं बियाणं राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी याच कायद्याखाली होते आणि त्यासाठी शेतकऱ्याला किंवा गटाला फी नाही. वाण जपणाऱ्या समुदायाला १० लाख रुपयांचा पुरस्कारही आहे. पण संस्थेने स्वतःच्या नावाची पाकिटं दुकानात ठेवली की १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्री परवाना लागतो. तो मिळेपर्यंत सभासदांमध्ये देवाणघेवाण आणि बाहेर फक्त धान्य, डाळ, तिखट.

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वाण चढवून घ्या. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. नोंदवही अडली तर तिथे जाऊन विचारता येतं.

शेवटचं काम पहिल्याच वर्षी करायचं, बियाणं हातात भरपूर असताना. प्रत्येक वाणाचा एक वाळवलेला नमुना वेगळा काढा आणि जनुक पेढीत द्या: कापूस असेल तर वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत, बाकी पिकांसाठी राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अकोला केंद्रात विचारा. पाकिटावर गाव, राखणाऱ्या बाईचं किंवा कास्तकाराचं नाव आणि घरात म्हणतात ते वाणाचं नाव, तिन्ही लिहा. मिळालेल्या नोंद क्रमांकाची एक प्रत त्या घरी द्या. तिन्ही घरांचं बी एकाच साली गेलं, तर मागायला जाताना हाच क्रमांक लागतो.